क्ष म्हणजे कोणतं झाड?

(आरे कॉलनीत पिकनिक पॉइंटजवळची एक चहाची टपरी. बाई आठवीला गणित शिकवतात. सर त्यांचे शाळेतले गणिताचे शिक्षक, आता निवृत्त. गोरेगावहून सकाळी इथे फिरायला येतात. दोघंही कल्पित आहेत. जिथे 'समजा' म्हटलेलं नाही, तिथले आकडे मात्र खरे आहेत.)

बाई : सर, एका वहीवर माझी सही अडली आहे. एकचल समीकरणांचा धडा चाललाय. पुस्तकातली उदाहरणं संपली, म्हणून मी इथलंच एक घातलं. ऑगस्ट २०१९मध्ये महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने मेट्रोच्या कारशेडसाठी २,६४६ झाडांचा प्रस्ताव मंजूर केला. काही तोडायची, काही मुळांसकट उचलून दुसरीकडे लावायची. तोडायची झाडं हलवायच्या झाडांच्या चौपटीपेक्षा ३४१ने जास्त. तर हलवायची किती?

सर : क्ष अधिक चार क्ष अधिक ३४१ बरोबर २,६४६. पाच क्ष बरोबर २,३०५. क्ष बरोबर ४६१, आणि तोडायची २,१८५. बरं उदाहरण आहे. मग अडलं कुठे?

बाई : बहुतेकांना आलं. एका मुलीने तर पडताळाही घेतला. डावी बाजू, उजवी बाजू, सगळं व्यवस्थित. आणि खाली लिहिलं, 'बाई, क्ष म्हणजे कोणतं झाड?'

सर : हं. ही जुनी गफलत आहे. तीन क्ष म्हणजे तीन आंबे, असं आपणच खालच्या वर्गात सांगून ठेवतो. मग पोरांना वाटतं, अक्षर म्हणजे वस्तू. क्ष हे झाड नाही, झाडांची संख्या आहे. तेवढं लाल पेनाने लिही आणि पूर्ण गुण दे.

बाई : मलाही आधी तसंच वाटलं. म्हणून तिला बोलावून विचारलं. म्हणाली, 'संख्या कळली बाई, ४६१. पण आमच्याकडचा उंबर त्या ४६१मध्ये धरला होता की २,१८५मध्ये?' ती पाड्यात राहते, सर.

सर : अस्सं. म्हणजे तिला समीकरण कळलंय. किती ते समीकरण सांगतं, कोणतं ते सांगत नाही, हे तिने बरोबर पकडलं.

बाई : आणि इथेच माझी पंचाईत आहे. नुसते गुण देऊन वही मिटली, तर 'तुझा प्रश्न गणिताबाहेरचा' असं मीच तिला सांगितल्यासारखं होतं. प्रश्न वर्गात घेतला, तर बीजगणिताच्या तासाची सभा होते. तबेल्यांच्या युनिटमधली मुलं आहेत, पाड्यांतली आहेत, एकाचा भाऊ मेट्रोच्या कामावर होता. कारशेड झाली, ऑक्टोबर २०२४मध्ये गाडी सुरूही झाली. मी स्वतः आरे जेव्हीएलआर स्टेशनवर उतरते. लोकलच्या दारात लटकण्यातून सुटले म्हणून रोज बरं वाटतं. आता मी कोणत्या तोंडाने झाडांची बाजू घेऊ?

सर : बाजू घ्यायला तुला सांगितलंय कुणी? तू गणिताची बाजू घे. ती पुरेशी अवघड आहे. भास्कराचार्यांचं घोड्यांचं उदाहरण आठवतं का?

बाई : एकाकडे सहा घोडे आणि ३०० रुपये, दुसऱ्याकडे दहा घोडे आणि डोक्यावर १०० रुपयांचं कर्ज. दोघांची श्रीमंती सारखी. घोड्याची किंमत काय? शंभर.

सर : शंभर. बाराव्या शतकातलं बीजगणित, आजही आठवीत खपेल. पण त्या श्लोकात एक अट घातली आहे, ती घाईत निसटते. घोडे सारख्या किमतीचे आहेत, असं भास्कराचार्य आधी सांगून मोकळे होतात. का सांगावं लागलं? बाजारात घोडे सारख्या किमतीचे कधीच नसतात. एक लंगडा, एक म्हातारा, एक राजाच्या पागेतला. ती अट काढून टाक, समीकरण कोसळतं. म्हणजे समीकरणातली अवघड गोष्ट उकल नव्हे. उकल यंत्रही काढेल. अवघड आहे ती त्याच्यावरची ओळ : 'हे सारखे आहेत असं मानू.'

बाई : हे आमच्या तबेल्यातल्या पोरांना लगेच कळेल. लिटरला लिटर सारखा नसतो, फॅट बघून भाव ठरतो.

सर : बघ! दुधासाठी वसलेली ही वसाहत. १९५१मध्ये नेहरूंनी उद्घाटन केलं, तेव्हापासून इथल्या माणसाला ठाऊक आहे की मोजण्याआधी काय मोजायचं ते ठरवावं लागतं. आता तुझ्या उदाहरणात 'झाड' हे एकक आहे. वृक्ष प्राधिकरणाच्या यादीत उंबर एक आणि सुबाभूळही एकच. मोजणीसाठी ते चालतं. मोजणी खोटी नाही. फक्त मोजणीने निवाडा झाला असं समजू नये.

बाई : पण निवाडे तसेच झाले ना! तेव्हा मेट्रोच्या बाजूने एक हिशेब मांडला जायचा : तिथली झाडं वर्षभरात जेवढा कार्बन डायऑक्साइड शोषतात, तेवढा मेट्रोच्या १९७ फेऱ्यांत, म्हणजे चार दिवसांत वाचेल. हे खोटं आहे का?

सर : खोटं म्हणता येणार नाही. डावीकडे किलो, उजवीकडे किलो. लोक गाड्या सोडून मेट्रोत बसतील हे गृहीत, पण ते वाजवी गृहीत आहे. कार्बनपुरतं समीकरण नीट उभं राहतं. आणि गंमत म्हणजे, ज्याला हवामानाची काळजी आहे त्याला ते झटकूनही टाकता येत नाही. झाडं वाचवण्याच्या आंदोलनातल्या पुष्कळांनी ते झटकलं, हे मला खटकलं होतं.

बाई : मग सगळं कार्बनपुरतंच का बोलायचं? सावली, बिबट्या, पावसाचं पाणी मुरणं, तिचा उंबर...

सर : ती सगळी निराळी चलं. दहावीला पहिल्याच धड्यात काय शिकवतेस? समीकरण एक आणि चलं दोन असली तर?

बाई : उकली अनंत. एक उकल हवी तर दुसरं समीकरण लागतं.

सर : किंवा एक चल पुसून टाकावं लागतं. दुसरं समीकरण शोधायला वर्षं जातात, चल पुसायला एक रात्र पुरते. ४ ऑक्टोबर २०१९ला उच्च न्यायालयाने झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने 'जैसे थे' म्हटलं, तोवर २,१४१ झाडं गेली होती.

बाई : म्हणजे २,१८५ पैकी ४४ उरली. बघा, माझाही हात लगेच वजाबाकीकडे जातो.

(हे लेखकाचंही होतं. आकडा दिसला की वजाबाकी आधी होते, धक्का नंतर बसतो.)

सर : त्यात वाईट काही नाही, थांबायचं कुठे ते कळलं म्हणजे झालं. तुला एक सापळा दाखवतो. उरलेल्या कामासाठी मेट्रोच्या कंपनीने सर्वोच्च न्यायालयात ८४ झाडांची गोष्ट केली होती, त्यापुरती मुभा मिळाली. पुढे परवानगी निघाली १७७ची. एप्रिल २०२३मध्ये न्यायालयाने दहा लाखांचा दंड केला आणि काम अडू नये म्हणून ती १७७ काढूही दिली. आता तुझ्या वर्गातला एखादा चुणचुणीत पोरगा काय करील?

बाई : १७७ वजा ८४, ९३. दहा लाखांना ९३ने भागलं की झाडाला सुमारे १०,७५३ रुपये. भाव निघाला!

सर : निघाला. आणि न्यायालयाने तो कुठेही सांगितलेला नाही. दंड होता मर्यादा ओलांडल्याचा. न्यायालयाचं वाक्य असमानतेचं होतं, 'क्ष ८४पेक्षा जास्त नको'. पोरगं त्याचं समीकरण करून बसलं. आपल्याला बरोबरच्या चिन्हाची इतकी सवय आहे, की असमानता दिसली तरी हात तिचा भाव काढायला जातो.

बाई : सवय परीक्षेचीही आहे, सर. समीकरणाला एक उत्तर असतं, तपासायला सोपं. असमानता दिली की मुलं कावरीबावरी होतात. 'क्ष तीनपेक्षा मोठा' इथवर येतात आणि विचारतात, 'हो, पण नेमका किती?' संख्यारेषेवर पोकळ ठिपका काढून पुढे बाण ओढला, तर त्यांना ते अर्धवट सोडलेलं गणित वाटतं.

सर : इतिहासातही तसंच झालं. बरोबरचं चिन्ह १५५७ला छापलं गेलं. रॉबर्ट रेकॉर्ड नावाचा वेल्श माणूस. त्याने कारण दिलं की दोन समांतर रेषांइतकं सारखं दुसरं काही नसतं. रेषांच्या बाबतीत खरंच आहे ते. लहान-मोठ्याची चिन्हं छापात यायला १६३१ उजाडलं, हॅरियटच्या पुस्तकात, तेही तो गेल्यावर.

बाई : पण कायदा तर असमानतेतच बोलतो. झाडांचा १९७५चा कायदा, त्यात २०२१ला दुरुस्ती झाली. पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड हेरिटेज वृक्ष. ते तोडलंच, तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची. रोप किमान सहा फुटांचं, आणि सात वर्षं जगवायचं. मला वाटतं, उदाहरण यावरच घालावं. मुलीच्या प्रश्नाला तेच उत्तर.

सर : उत्तर नव्हे. तिचा उंबर समजा साठ वर्षांचा, आणि त्याची जागा साठ रोपं घेतील असं तू तिला सांगणार असशील, तर तो उंबर पुन्हा यादीतला एक आकडा झाला. आणि आपल्याकडे 'किमान' लिहिलं की लोक तेवढंच करतात. कागदावर ती असमानता असते, जमिनीवर तिचं समीकरण होतं. तेही झालं तर.

बाई : म्हणूनच जगणं धरायचं. समजा झाड साठ वर्षांचं. 'न' रोपं लावली, आणि त्यांतला 'प' इतका भाग जगतो. तर न गुणिले प, हे साठ किंवा साठपेक्षा जास्त हवं. समजा तीनातली दोन जगली, तर न किमान नव्वद. साठ लावून भागत नाही, हे मुलांना स्वतःला दिसेल. मी एक शब्दही बोलायला नको.

सर : भागताना चिन्ह उलटणार नाही ना?

बाई : प धन आहे, सर. ऋण संख्येने भागलं तरच उलटतं.

सर : आणि प शून्य असेल तर?

बाई : (जरा थांबून) मग न हजार घ्या, लाख घ्या. शून्यच. असमानता खरी होतच नाही.

सर : हे त्यांना सोडवू दे. 'उकल नाही' हेही उत्तर असतं, हे आठवीत कळलं तर पुष्कळ झालं. आता उदाहरणातली खरी अडचण सांगतो. न पावतीवर मिळेल. साठ कायद्यातून येतात. प तुला कोण देणार?

बाई : पुस्तकात नाही. कुणाला विचारावं तर जो तो आपल्या सोयीचा सांगेल.

सर : मग तुझं उदाहरण अपुरं आहे. माहिती कमी पडतेय.

बाई : लावलेली रोपं इथेच आहेत की कुठे कुठे. मुलं जाऊन मोजतील. जिवंत किती, वाळलेली किती. पाड्यातली मुलं झाडं नावानिशी ओळखतात, तबेल्यातल्यांना म्हशींनी काय खाल्लं ते कळेल. आणि ज्याचा भाऊ मेट्रोवर होता, त्याने नोंदवही धरायची. आकडा वर निघाला तरी, खाली निघाला तरी. त्याच्या हातचा आकडा दोन्हीकडचे मानतील.

सर : आणि ती मुलगी?

बाई : तिला गुण पूर्ण देते. समीकरण तिने सोडवलं, त्याचे. प्रश्नाला गुण नाहीत. तो फळ्यावर लिहिते, उत्तराची जागा मोकळी ठेवून. उंबर कोणत्या यादीत होता हे शोधता येईल. याद्या असतात.

सर : असतात. अर्ज करावा लागेल. मुलांना बाहेर नेणार म्हणजे पालकांची पत्रंही लागतील, आणि त्या भागात बिबट्या आहे म्हणून अंधाराआधी परतायचं. सगळ्याच्या आधी मुख्याध्यापकांची सही.

बाई : ते विचारतील, हे पाठ्यक्रमात कुठे बसतं?

सर : एकचल समीकरणे, व्यावहारिक उदाहरणे. असमानतेचं नाव काढू नकोस, आठवीच्या पुस्तकात ती नाही.