निबर होऊ देऊ नकोस

रामराया,

२१ एप्रिल २०२१ ला रामनवमी होती. इथं नाशकात काळाराम मंदिराची दारं कोविडमुळे भक्तांसाठी बंद होती, म्हणून आम्ही घरातच तुझा पाळणा हलवला आणि सुंठवडा आपसांतच वाटला. त्याच दिवशी द्वारका चौकाजवळ, महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळायला लागली. आवारभर पांढरं धुकं पसरलं. आतल्या माणसांचा ऑक्सिजन अर्धा तासभर तुटला आणि त्या दिवशी २२ जण गेले. कोविडशी झुंजत तिथवर टिकलेली माणसं, देवा! त्यांच्या घरांत आता तुझ्या जन्माची तिथी हीच श्राद्धाची तिथी असते. आधी त्या घरांकडे बघ. माझं मागणं त्यानंतरचं.

माझी दुखणी घरगुती आहेत. सातपूरला ह्यांचा ओव्हरटाइम बंद झालाय. सासूबाईंचा गुडघा रात्री झोपू देत नाही. आज नळाला पाणी आलं नाही, त्यात दूध नासलं. कुकरची रिंग सैल झालीय, शिट्टी होत नाही, वाफ कडेनं निघून जाते आणि डाळ कच्ची राहते. ती पांढरी वाफ सुटताना बघितली की अजून माझ्या पोटात गोळा येतो. मी गॅस बंद करून जरा वेळ तशीच उभी राहते. एवढ्या मोठ्या दुःखापुढे कुकरचं काय रडायचं, असं कुणी म्हणेल. पण तू तसं म्हणू नकोस. गोदेला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर चढलं ते बघून आम्ही पुराचा अंदाज घेतो; दुःखाला असा मारुती नाही. ज्याच्या त्याच्या उंबऱ्याशी आलेलं पाणी ज्याला त्याला खोलच असतं.

म्हणून बळ दे, पण निबर करू नकोस. बातमी वाचून पान उलटण्याइतकी घट्ट मला व्हायचं नाही. पूर ओसरल्यावर सराफ बाजारात, भांडी बाजारात दुकानदार गाळ उपसतात, फळ्या धुतात, पुन्हा मांडामांड करतात, तसे हात मला दे. रडू आलं तर येऊ दे, पण रडता रडता पोळ्या होऊ देत.

आणि सोसणं म्हणजे मुकाट बसणं, असं मला कधी वाटू देऊ नकोस. तुझ्याच दाराशी २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू केला. दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्यासोबतची माणसं पुढं वर्षानुवर्षं त्या दारासाठी झगडली. मार खाल्ला, तुरुंगात गेली, पण आपला हक्क मागायचं सोडलं नाही. दार उघडलं नाही, हे आमचं पाप आहे आणि तू ते आतून पाहिलंस. चिवटपणा द्यायचाच तर त्यांच्यातला दे. रुग्णालयातली ती टाकी कुणी तपासली होती, ती का गळली, असं विचारताना माझा आवाज बसू नये. आणि माझ्या हाती जे आहे, गॅसची नळी असो की सासूबाईंच्या गोळ्यांची वेळ, त्यात मी आळस करू नये.

सिंहस्थ कुंभमेळा जवळ येतोय. अशाच मेळ्यात २७ ऑगस्ट २००३ ला रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरीत ३९ जण गेले, त्यांत बायाच जास्त होत्या. लांबून तुझ्या नावानं आलेल्या. या खेपेला कठड्यापाशी जो पोलीस उभा असेल त्याला नीट जेवण आणि झोप मिळू दे, त्याचं लक्ष ढळू देऊ नकोस. गर्दीत एखादी म्हातारी खाली बसली तर मागच्यांना ती दिसू दे. मी जवळ असले तर तिला उठवायला माझ्या दंडात जोर असू दे, आणि तिचं गाठोडंही माझ्या ध्यानात राहू दे.