भिंतीवरचा न्याय

दिवाळी जवळ आली की घरोघर भिंतींवरून चुन्याचा हात फिरतो. वर्षभराचे डाग, धुराचे पट्टे, मुलांच्या रेघोट्या एका दिवसात नाहीशा होतात. भिंत चांगली दिसावी ही इच्छा रास्तच आहे. पण भिंतीवर आपण जे दाखवितो आणि भिंतीआड जे करतो, त्यांचा मेळ असावा की नाही, हा प्रश्न फार जुना आहे.

इटलीतील फेरारा गावी स्किफानोया नावाचा राजवाडा आहे. नावाचा अर्थच मुळी 'कंटाळा घालविणारा'! तेथील एका दालनात बोर्सो द'एस्ते या सत्ताधीशाने १४७० च्या सुमारास बारा महिन्यांची चित्रे काढवून घेतली. वर रथारूढ रोमन देवता, मध्ये राशी आणि खाली खुद्द बोर्सो. मार्च महिन्याच्या चित्रात तो प्रजेला न्याय देत आहे, आणि 'न्याय' हा शब्दही तेथे लॅटिनमध्ये लिहिला आहे. हे चित्र रंगविणाऱ्या फ्रान्चेस्को देल कोस्साने २५ मार्च १४७० रोजी बोर्सोलाच पत्र धाडले. तक्रार साधी होती : मजुरी फुटाच्या मापाने, सर्वांना सरसकट एकच, आणि आपली गणना मात्र शिकाऊ पोऱ्यांत! उत्तर आले, ठरला आहे तो दर घ्यावा. कोस्सा गाव सोडून बोलोन्यास गेला.

याला ढोंग म्हणून मोकळे व्हावे काय? मला तसे वाटत नाही. भिंतीवर न्याय रंगविला नसता, तर बोर्सोचा कद्रूपणा चारचौघांसारखा विसरला गेला असता. पुढे अठराव्या शतकात त्या चित्रांवर चुना फासला गेला; एकोणिसाव्यात तो खरवडून काढला, तेव्हा बरीचशी चित्रे पुन्हा उजेडात आली. त्यांच्याबरोबर बोर्सोविरुद्धची साक्षही आली! सद्गुणाचे चित्र काढविणारा स्वतःच्या हाताने एक माप टांगून ठेवतो. उद्या त्याच मापाने त्याला मोजतात.

आपल्याकडे वाईजवळ, मेणवलीला, कृष्णाकाठच्या नाना फडणविसांच्या वाड्यात भित्तिचित्रे आहेत. तेथे भिंतीवर देवादिक आहेत. भिंतीवर देव असला की धन्याला निदान मान वर करून पाहावे लागते. परंतु देव काही रंगाऱ्याची मजुरी चुकती करीत नाही. ती धन्यानेच द्यावयाची असते.

सातारा जिल्ह्यातील औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतःच चित्रकार होते. १९३८ साली त्यांनी औंधास संग्रहालय उघडले. पण पुढल्याच वर्षी, १९३९ च्या जानेवारीत, त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला. त्याच सुमारास आज सांगली जिल्ह्यात असलेल्या आटपाडीजवळ, मॉरिस फ्रिडमन या पोलिश गृहस्थाच्या कल्पनेतून, स्वतंत्रपूर वसले. येथे कैदी कुंपणाशिवाय, बायकामुलांसह राहून शेती करू लागले. 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ च्या चित्रपटाला याच वसाहतीची प्रेरणा होती.

फेराऱ्यात न्यायासाठी भिंत रंगविली. स्वतंत्रपुरात न्यायासाठी भिंतच काढून टाकली. आपण राजे नाही, पण आपल्याही दारी कोणी भिंत रंगवितो, कोणी धुणे धुतो, कोणी फराळाला हात लावतो. त्या हातांना त्यांचे मोल सणाआधी, आणि न मागता मिळाले, तर आपल्या घरच्या भिंतीवर काय रंगविले आहे, हे कोणाला विचारावे लागणार नाही.