वेल कुठे आहे?

पावसाळा लागला की पनवेलची तरुण मंडळी कर्नाळ्याच्या, माथेरानच्या वाटा धुंडाळू लागतात. गेल्या श्रावणात आमच्या धर्मग्रामातील एका युवकाने विचारले, "फादर, तुम्ही सांगता ती कंदीलपुष्पाची वेल कुठे पाहायला मिळेल?" आम्हांला जागा ठाऊक होती. तरी आम्ही म्हणालो, "सह्याद्रीत." उत्तर खोटे नव्हते, पण ते प्रामाणिकही नव्हते, ही बोच मनात राहिली.

कंदीलपुष्पाच्या, म्हणजे खरपुडीच्या, कित्येक जाती सह्याद्रीखेरीज जगात कुठेही नाहीत. झुडपांना वेढे घालत चढणारी ही वेल पावसाळ्यात फुलते आणि वाळून जाते. पुढे तिचा जीव कंदात राहतो. फुलाच्या नळीतले केस आतल्या बाजूस वळलेले असतात. शिरलेले चिलट अडकते. केस कोमेजले की पराग घेऊन सुटते. एवढी ही नाजूक व्यवस्था, पण कंद उपटला की सारे संपले.

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील येशूसंघीय फादर सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवर १९५३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. कंदीलपुष्पाच्या एका जातीला त्यांचे नाव आहे. वनस्पतिशास्त्राची शिस्त अशी की नमुन्यासोबत स्थळ लिहावेच. नाहीतर उद्या काय नाहीसे झाले हे कळणार कसे? मात्र तीच नोंद कुदळवाल्यालाही वाट दाखवू शकते.

सेमिनरीत आम्ही शिकलो की असत्य बोलू नये, पण प्रत्येक सत्य प्रत्येकाला सांगण्याचे बंधन नाही. गुपित राखणे तर आमच्या अंगवळणीच पडलेले. हा आधार आम्ही सोयीने घेतला खरा. पण ती वेल आम्हांला दाखवली होती एका ठाकर आजीने. भुकेच्या दिवसांत तिच्या घरी हेच कंद खाल्ले जात. तिने आमच्यापासून काही लपवले नाही. आणि एखाद्या प्राध्यापकाने विचारले असते तर आम्ही त्यांना हात धरून तिथे नेले असते! मग आम्ही वेल राखत होतो, की माणसे निवडत होतो?

येत्या पावसात त्या युवकाला सोबत न्यायचे आम्ही कबूल केले आहे. दोन मित्रांना आणू का, असे तो परवा विचारून गेला. आम्ही अजून उत्तर दिलेले नाही.