आवाज कुणी मागितला?

डिस्नेचा 'द लिटल मरमेड' १९८९ साली आला आणि माझ्या पिढीतल्या कितीतरी मुलींनी तो कॅसेट घासली जाईपर्यंत पाहिला. तेव्हा त्यातली जलपरी एरियल आवडायची ती तिच्या लाल केसांमुळे, गाण्यांमुळे आणि शेवटी राजपुत्र मिळतो म्हणून.

कॉलेजात गेल्यावर तीच एरियल खटकू लागली. सोळा वर्षांची मुलगी एका देखण्या पुरुषासाठी स्वतःचा आवाज देऊन टाकते, हे आपण लहान मुलींना का दाखवतो? हा आक्षेप मला आजही पटतो. फक्त तो चित्रपटाच्या मधूनच सुरू होतो.

कारण राजपुत्र एरिक दिसण्याच्या कितीतरी आधीपासून एरियलला जमिनीची ओढ आहे. बुडालेल्या जहाजांतले काटे-चमचे, पुस्तकं, घड्याळं तिने एका गुहेत जमवली आहेत. त्या पसाऱ्यात बसून ती माणसांच्या जगात जाण्याचं गाणं म्हणते, तेव्हा एरिक कोण हे तिला ठाऊकही नसतं. मग बाप, राजा ट्रायटन, रागाच्या भरात ती गुहाच उद्ध्वस्त करतो. ती चेटकीण अर्सुलाच्या दारात जाते ती त्यानंतर. घरात ऐकून घेणारं कुणी असतं, तर गेली असती का?

आणि अर्सुला काय सांगते? पुरुषांना बोलक्या बायका आवडत नाहीत, गप्प राहणारीलाच नवरा मिळतो. हे चेटकीण बोलते, तेही आवाजाच्या बदल्यात पाय देण्याच्या करारावर सही हवी असते म्हणून. पुढची गोष्ट तिला खोटं पाडते. एरियलने एरिकला बुडताना वाचवलेलं असतं आणि त्याच्या मनात बसलेला असतो तो तिचा आवाजच. मुकी एरियल समोर उभी असताना, आपल्याला वाचवणारी ही नव्हे, असं त्याला वाटतं. गप्प राहिल्यानेच तिचा घात होऊ लागतो.

हान्स अँडरसनच्या १८३७ च्या मूळ कथेत हे फार निर्दयपणे येतं. जलपरीची जीभच कापली जाते, प्रत्येक पावलाला सुरीवर चालल्यासारख्या वेदना होतात आणि राजपुत्र दुसरीशी लग्न करतो. तिला अमर आत्माही हवा असतो. चित्रपटाने तो गाळला.

मला आता सलतो तो शेवट. अर्सुलाला मारतो एरिक, जहाज तिच्या अंगावर घालून. पाय देतो बाप. एरियलला आवाज परत मिळालेला असतो, पण पाय मागण्यासाठी ती तो वापरत नाही. खडकावर बसून किनाऱ्याकडे पाहत राहते आणि दुरून बापालाच दया येते. त्याचं मन वळतं ते पाहून आजही गलबलतं. पण ज्या त्रिशूळाने तो तिला पाय देतो, त्याच त्रिशूळाने त्याने तिची गुहा फोडली होती. ही शक्ती त्याच्याकडे तेव्हाही होती. मुलीने सगळं गमावून दाखवल्याशिवाय त्याला ती वापरावीशी वाटली नाही, आणि चित्रपट त्याबद्दल त्याला एक शब्दही विचारत नाही.