असे घरच नाही

आमच्या शिरगावात कुणी नवखा माणूस घर शोधत आला, की तो बहुधा सातपाटीच्या रस्त्यावरच्या चहाच्या दुकानाशी थांबतो. दुकानदार हातातली किटली खाली न ठेवता सांगतो, "सुरूच्या बागेकडे वळा. विहिरीनंतरचे तिसरे घर." नाव सांगावे नि ठिकाण मिळावे, इतका साधा हा व्यवहार. परंतु त्यात केवढा नैतिक पेच दडलेला असतो, हे मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कळले. आणि तेही चहाच्या दुकानात नव्हे, आमच्या ओटीवरच्या कोनाड्यात मिणमिणणाऱ्या राउटरपाशी!

गेल्या वर्षी नातू आमच्याकडे शिकायला राहिला. मुलाने फोनवर बजावले, "बाबा, घरच्या इंटरनेटला चाळणी लावून घ्या. नको ते काही पोराच्या दृष्टीस पडायला नको." मी निवृत्त शिक्षक. चाळणी म्हटल्यावर माझा हात आपोआप शिवशिवला.

ही चाळणी म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. यंत्रांना नावे कळत नाहीत, आकडे कळतात. पूर्वी सगळ्या नावांची एकच यादी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवलेली असे. यंत्रे वाढली तशी ती पुरेना. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस नावाची पद्धत आखली आणि नावावरून आकडा सांगण्याचे काम अनेकांत वाटले गेले. आपण एखादे नाव लिहिले, की राउटर प्रथम अशा एका सांगणाऱ्याला विचारतो. हा सांगणारा कोण असावा, ते राउटरमधले आकडे बदलून आपल्याला ठरवता येते. मग दूर कुठे तरी बसलेला तो गृहस्थ चांगल्या घरांचे पत्ते सांगतो आणि वाईट घरांचे सांगत नाही. झाली चाळणी!

अशा चाळण्या पुष्कळ आहेत. ओपनडीएनएस २००६ सालची. २०१७ साली निघालेली क्वाड-नाइन फसवणुकीची व अपायकारक ठिकाणे तेवढी अडवते. अश्लीलतेच्या वाटेला ती जात नाही. क्लाउडफ्लेअरने २०२० साली दोन आकडे दिले : १.१.१.२ हा अपायकारक ठिकाणांसाठी, आणि १.१.१.३ हा त्यांच्याबरोबर प्रौढांची ठिकाणेही अडवणारा. काही सेवा याहून पुढे जातात. घरातल्या कोणत्या यंत्राने किती वाजता कोणते नाव विचारले, याची वहीच त्या यजमानाला दाखवतात. मी कोणती सेवा घेतली ते महत्त्वाचे नाही. वही दाखवणारी घेतली, एवढे महत्त्वाचे. घरात कुणाला काही सांगितले नाही. चांगल्या कामाची दवंडी कशाला पिटायची?

आता यातली खरी गोम पाहा. अडवलेल्या घराबद्दल हा सांगणारा "तिकडे जाऊ नका" असे बहुधा म्हणत नाही. तो पुष्कळदा सरळ सांगतो, "असे घरच नाही." म्हणजे आपल्या हितासाठी तो खोटे बोलतो. लहान मुलाला आपण "बिस्किटे संपली" म्हणतो, त्याच जातीचे हे खोटे. ते क्षम्य आहे, असे मला तेव्हा वाटले. त्याची यादी कोण करतो, कोणते घर वाईट हे कोण ठरवतो, हा विचारही मला शिवला नाही. वास्तविक शिवायला हवा होता. १.१.१.३ सुरू झाला त्याच दिवशी, १ एप्रिल २०२० रोजी, समलिंगी व्यक्तींना आधार देणारी ठिकाणेही त्याने अडवल्याचे उघडकीस आले. कंपनीने चूक कबूल केली नि सुधारली. आपल्याकडे २०१५ साली सरकारने ८५७ ठिकाणे बंद करण्याचा हुकूम काढला आणि ओरड होताच काही दिवसांत तो बराचसा मागे घेतला. मोठ्यांच्या याद्याही अशा चुकतात. पण त्या चुका निदान गाजतात तरी. घरातली चूक गाजत नाही.

एका रात्री झोप येईना, म्हणून वही उघडली. नातवाच्या नावापुढे काही विशेष नव्हते. आमच्या हिच्या जुन्या टॅबच्या नावापुढे मात्र, अकरा दिवसांपूर्वीच्या तारखेला, रात्री पावणेदोन वाजता, तीन लाल खुणा होत्या. ज्या टॅबवर ती पाककृती वाचते नि भजने ऐकते, तोच हा टॅब! अडवलेले नाव स्त्रियांच्या आरोग्याची माहिती देणाऱ्या एका ठिकाणाचे होते. शरीराचे अवयव तेथे नावानिशी सांगितलेले असणार; म्हणून कुणी तरी त्याची गणना प्रौढांच्या ठिकाणांत केली असावी. त्याखाली न अडवलेले एक नाव होते. मुंबईतल्या एका कर्करोग रुग्णालयाचे.

दुसऱ्याचे पत्र चोरून फोडावे आणि आतले रडणे आपल्या माणसाचे निघावे, तसे मला झाले. विचारावे, तर वही वाचल्याचे कबूल करणे आले. न विचारावे, तर ते कसे शक्य होते? त्या रात्री पाच वाजेपर्यंत मी जागा होतो.

सकाळी ती तांदूळ निवडत होती. मी सगळे सांगून टाकले. तिचा हात थांबला. ती रागावेल असे वाटले होते. ती रागावली नाही. म्हणाली, "अहो, मला वाटले, मीच काही तरी चुकीचे लिहिले. तेथे तसे काही नाहीच, असे येत होते. मग कुणाला विचारायचे? गप्प बसले."

पालघरला डॉक्टरांकडे गेलो, तपासण्या झाल्या. गाठ साधी निघाली. पण ती साधी नसती, तर ते अकरा दिवस कुणाच्या खात्यावर पडले असते?

नातवालाही सांगितले, तेव्हा तो हसला. "आजोबा, मला पहिल्याच आठवड्यात कळले होते. मोबाइलच्या डेटावर सगळे उघडते." म्हणजे ज्याच्यासाठी पहारा बसवला तो केव्हाच कुंपणावरून गेला होता आणि जिच्यासाठी बसवला नव्हता तीच तेवढी दाराशी अडली होती! ज्याला पहारा ठाऊक असतो तो वाट काढतो. ज्याला ठाऊक नसतो तो स्वतःलाच दोष देतो. माझ्या मते लपवलेल्या पहाऱ्याचे खरे पाप हेच.

मी चाळणी काढून टाकली नाही. "आज रात्री वीज तोडू" असे निरोप पाठवणारे भामटे आमच्यासारख्या म्हाताऱ्यांच्याच मागे असतात. त्यांच्यासाठी अपायकारक ठिकाणांची अडवणूक ठेवली आहे. बाकीची काढली. वही बंद केली. दाराशी काय बसवले आहे आणि ते का, हे घरात प्रत्येकाला सांगितले. नातवाशी बोलायचे ते तोंडाने बोलतो. ते अवघड जाते. चाळीस वर्षे दुसऱ्यांची मुले शिकवली, पण या विषयावर पहिले वाक्य काढायला मला पाऊण तास लागला.

परवा चहाच्या दुकानाशी उभा होतो. एका तरुणाने एक पत्ता विचारला. ते घर कशाबद्दल प्रसिद्ध आहे हे गावात सर्वांना ठाऊक आहे. दुकानदाराने पत्ता बरोबर सांगितला. मग कप पुढे सरकवून म्हणाला, "घर तेच. पण जायच्या आधी जरा बसा, चहा घ्या."

तो तरुण बसला. नंतर तो कुठे गेला, ते मी पाहिले नाही.