मनाचे हवामान

आषाढात राजगड चढावयास निघालेली मंडळी गुंजवणे गावी पोहोचतात, तेव्हा पुष्कळदा समोर गड दिसतच नाही. दिसते ते ढगांचे पांढरे पटल. त्या एका सकाळीवरून मावळचे हवामान ठरवू नये, हे खरे. तरीही मावळात पाऊस अधिक आणि दौंडकडे कमी, हेही खरेच. माणसाच्या मनाचे असेच असते काय?

मानसशास्त्र याचा शोध प्रश्नावलीने घेते. वॉटसन, क्लार्क व टेलेगेन या अमेरिकन संशोधकांनी 1988 साली प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीत भावनांचे अवघे 20 शब्द आहेत. 10 उल्हासाचे, 10 क्लेशाचे. प्रत्येकापुढे 1 ते 5 पैकी एक आकडा लिहावयाचा. ‘या क्षणी कसे वाटते?’ असे विचारले की ढग मोजले जातात. ‘सर्वसाधारणपणे कसे वाटते?’ असे विचारले की हवामान. आठ आठवड्यांनी पुन्हा विचारता ही दुसरी उत्तरे पहिल्यांशी बरीच जुळली. शिवाय उल्हास कमी म्हणजे क्लेश अधिक, असेही आढळले नाही. अर्थात, आकड्यालाही मर्यादा आहे. ‘देवाच्या कृपेने बरे आहे’ असेच म्हणावयाची ज्याला सवय, तो कागदावरही तेच लिहील.

आमच्यापुढील प्रश्न मात्र निराळा आहे. हा स्वभाव कोणी निवडून घेतलेला नसेल, तर त्यावरून आपण माणसाची किंमत कशी करावी? मिस्सानंतर हसतमुखाने सर्वांची विचारपूस करणारा आपल्याला भाविक वाटतो; मागच्या बाकावर गप्प बसणारीच्या श्रद्धेविषयी कुजबुज होते. ख्रिस्तसभेच्या 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथाची शिकवण अशी, की भावना स्वतः चांगल्या वा वाईट नसतात. बुद्धी आणि इच्छाशक्ती त्यांत जितकी गुंतते, तितकाच त्यांना नैतिक अर्थ येतो. संत इग्नेशियस यांनीही विषण्णतेला पाप म्हटले नाही. त्या काळात पूर्वीचा चांगला निश्चय बदलू नये, असे बजावले. गेथशेमानी बागेत प्रत्यक्ष प्रभूही खिन्न झाला होता.

विधवेच्या दोन टोल्यांचे मोल प्रभूने तिच्या गरिबीवरून केले. ज्याचे मन मुळातच ओझ्याखाली दबलेले आहे, त्याने शेजाऱ्यासाठी केलेले एक स्मित त्याच न्यायाने मोजावे, असे आम्हांस वाटते. आणि ज्याला उल्हास जन्मतःच लाभला, त्याने त्याचा गर्व न करता तो दान म्हणून वाटावा.

‘माझा स्वभावच असा’ म्हणून कठोर बोलण्याला मात्र यातून सूट मिळत नाही. तसेच, आपल्या माणसाचे नेहमीचे हवामान ज्याला ठाऊक आहे, त्यालाच अवेळी आलेले वादळ ओळखता येते. नेहमी हसणारा आठवडेच्या आठवडे मूक झाला, तर त्याला उपदेश नको. त्याच्या घरी जावे, जवळ बसावे आणि गरज दिसल्यास डॉक्टरांकडे सोबत करावी. ढगांआड गड असतो, हे गुंजवण्याचे लोक जाणतात. आपणही एकमेकांविषयी तेवढा विश्वास ठेवावा.