गाईचा वाटा

गृहस्थाने अन्नाला हात लावण्यापूर्वी पानातील पहिला घास गाईसाठी वेगळा काढावा, हा आचार पंचमहायज्ञांतील भूतयज्ञाच्या भावनेतून आलेला असून, पेडणे आणि डिचोली हे गोव्याचे महाल पोर्तुगीज अमलाखाली अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे आधी जिंकलेल्या जुन्या काबिजादींतील सक्तीच्या धर्मांतराचा भर ओसरल्यावर आले असल्याने, तेथील घरांतून तो फारसा खंड न पडता चालत आला. मात्र या आचाराच्या पोटात एक गृहीत आहे, आणि ते बोलून दाखविण्याचे स्मृतिकारांना कधी प्रयोजनच पडले नाही. गाईचे पोट त्या घासावर चालत नसे. ते सड्यावर, डोंगराच्या उतरणीवर, कापणी झालेल्या मोरडात, राखण्याच्या नजरेखाली बाहेरच भरून येत असे. घास हा सन्मान होता, आहार नव्हता. आता बाहेरचे ते रान ज्यांनी काढून घेतले त्यांनीच घास घालावयाचा असेल, तर त्याला दान म्हणावयाचे की थकबाकीची फेड, असा प्रश्न माझ्यापुढे उभा राहतो.

रान कसे गेले, याचा तपशील फार लांबविण्याजोगा नाही. डिचोलीत शिरगाव, मये, पिळगाव या पट्ट्यात लोहखनिजासाठी डोंगर उतरविले गेले. २०१२ साली खाणी काही वर्षे थांबल्या, तरी मातीच्या ढिगाऱ्यांखाली दबलेले गवत परत आले नाही, आणि त्या ढिगाऱ्यांवर लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ कितीही हिरवी दिसली तरी ती कुरणाची जागा घेत नाही. पेडण्यात मोपाच्या विस्तीर्ण सड्यावर डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. गुरांच्या चरण्याची वहिवाट कोणत्याही दप्तरात मालकी म्हणून नोंदलेली नसल्यामुळे तिच्या बेदखलीची तक्रार कोणी कोणाकडे करावी, हेही ठरण्याजोगे नव्हते.

उरला पेंढा. भाताचे दाणे माणसाचे आणि पेंढा गुरांचा, ही एकाच रोपातील वाटणी इतकी जुनी आणि इतकी सोयीची आहे की तिच्यातील विषमता आपल्या ध्यानातच येत नाही. पेंढ्यात प्रथिने शेकडा तीन-चारच असतात आणि वाळूच्या जातीचे द्रव्य भरपूर असते. त्याने पोट भरते, अंग भरत नाही. त्यातही जया, ज्योती या बुटक्या जाती शेतात आल्यापासून पूर्वीच्या उंच भाताइतका पेंढा निघत नाही, आणि यंत्राने कापणी केली की जो निघतो तोही पुष्कळसा शेतातच विखरून जातो. म्हणजे दिवाळीच्या पाडव्याला ज्या गोठ्यात आपण हळदकुंकू आणि झेंडूच्या माळा घेऊन जातो, त्याच गोठ्यात वर्षभर आपले उरलेसुरले टाकतो. पानातील पहिला घास देणाऱ्या धर्माने शेतातील शेवटचा अंश गाईच्या वाट्याला ठेवावा, ही विसंगती मला लहान वाटत नाही.

या दृष्टीने चाऱ्याच्या मक्याकडे पाहिले पाहिजे. मका आमच्या स्मृतिग्रंथांना ठाऊक नव्हता. तो अमेरिका खंडातला, कोलंबसानंतर समुद्र ओलांडून आलेला. परंतु त्याच वाटेने आलेला काजू आज देवाच्या खिरीत निःशंक पडत असता, मक्याच्या परकेपणाचा बाऊ करण्यात अर्थ नाही. विचारणीय गोष्ट त्याच्या कापणीत आहे. ‘आफ्रिकन टॉल’सारखी उंच जात पेरल्यावर सुमारे अडीच महिन्यांनी, कणसातला दाणा नख टोचताच पांढरा रस सोडतो अशा अवस्थेत, तो मुळापासून कापावयाचा असतो, आणखी थांबले तर दाणा माणसाच्या उपयोगी पडेल, पण ताट चिवट होऊन गाईच्या उपयोगी पडणार नाही. अर्थात शेतकरी येथे कणसावरचा आपला हक्क पेरणीच्याच वेळी सोडतो. कुट्टी करून, पायांनी तुडवून, हवा काढून तो मका दीड महिना झाकून ठेवला की आंबूस वासाचा मुरघास तयार होतो, आणि एखाद्या कोपऱ्यात जरी हवा कोंडून राहिली तरी तेथे बुरशी धरते. ही काळजी पाहिली म्हणजे नैवेद्याच्या सोवळ्याची आठवण होते.

यावर कोणी म्हणेल की हा सारा खटाटोप दुधासाठी, डेअरीत जमा होणाऱ्या लिटरांसाठी आहे. यात यज्ञ कसला? आक्षेप वरकरणी सबळ आहे. परंतु गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील यज्ञाची कल्पना निरपेक्ष दानाची नसून परस्परांच्या पोषणाची आहे. घेणारा परत देतो, आणि न देता भोगणारा तेवढा चोर ठरतो. दुधाची अपेक्षा धरून मका घालणारा या कसोटीस उतरतो. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: माणसाच्या भाताची जमीन गुरांना का द्यावी? तैत्तिरीय उपनिषदातील भृगुवल्ली अन्न वाढविण्याचे व्रत सांगते, अन्न घटविण्याचे नाही. सुदैवाने पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यात मका तगतच नाही. तो सरद म्हणजे पावसाळी भात निघाल्यावर, तिळारीच्या कालव्याचे पाणी पोचते तेथे, एरवी पडीक राहणाऱ्या शेतात घेता येतो, आणि ओळींमधून चवळी पेरली तर प्रथिनांची उणीवही भरून निघते. मात्र त्यासाठी हरमलच्या मिरचीचा वाफा कोणी मोडू लागला, तर मी मिरचीच्या बाजूने उभा राहीन.

खरी अडचण या दोन्ही आक्षेपांच्या पलीकडे आहे. परस्पर पोषणाचा हा हिशेब आटलेल्या गाईपाशी येऊन अडतो. बियाणे, खत, मजुरी यांचा खर्च डोक्यावर असलेला गोपालक तिच्यापुढे मुरघास टाकीत नाही. तो तिला सोडून देतो, आणि मग ती हमरस्त्यावर बसते किंवा नशिबाने मये-शिकेरीच्या गोशाळेत पोचते. गोऱ्ह्याची कथा याहून वेगळी नाही. भूतयज्ञ जर फळाकडे न पाहता करावयाचा असेल तर तो याच दोन प्राण्यांच्या बाबतीत करावयाचा आहे, कारण दुभत्या गाईच्या बाबतीत तो बाजारानेच करवून घेतला आहे. यासाठी मक्याची आवश्यकताही नाही. बांधावर, विहिरीच्या ओघळीला, सांडपाण्याच्या चरावर संकरित नेपियरची ठोंबे एकदा लावली की दीड-दोन महिन्यांच्या अंतराने काही वर्षे कापणी मिळत राहते. ते गवत दुभत्या जनावराला एकटे पुरत नाही आणि त्याबरोबर थोडी चुन्याची पूर्ती करावी लागते, पण भाकड गाईला आणि गोऱ्ह्याला ते पेंढ्याच्या जोडीने पुष्कळ आहे. गावकरी संस्थेने वा पंचायतीने आपल्या पडीक जागेतील एक पट्टी एवढ्यापुरती राखून ठेवण्यास कोणाचा उजर असण्याचे मला तरी कारण दिसत नाही.